अदृश्य माणूस दाखवणारी बाई

पडद्यावर काहीच दिसत नाही आणि प्रेक्षक मात्र घाबरला पाहिजे, असा पेच १९३३ साली युनिव्हर्सल स्टुडिओपुढे होता. हाती एच. जी. वेल्स यांची १८९७ सालची कादंबरी होती. तिचा नायक स्वतःवरच रसायनाचा प्रयोग करून अदृश्य झालेला आणि हळूहळू माथं फिरत चाललेला एक शास्त्रज्ञ. याच स्टुडिओने दोन वर्षांपूर्वी 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेनस्टाइन' काढून अमेरिकेत बोलत्या भयपटांची लाट आणली होती. पण ड्रॅक्युलाकडे काळा झगा होता, रोखून पाहणारे डोळे होते. फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसाला चपटं डोकं होतं, जड पावलं होती. या नव्या माणसाकडे दाखवण्याजोगं काहीच नव्हतं. मग घाबरायचं कशाला पाहून?

उत्तरं दोन निघाली. एक प्रयोगशाळेत घडलं आणि त्याचं सिनेमाच्या इतिहासात पुष्कळ कौतुक झालं. दुसरं घडलं एका पन्नाशी ओलांडलेल्या, काटकुळ्या आयरिश बाईच्या चेहऱ्यावर. तिचं नाव युना ओ'कॉनर. 'द इन्व्हिजिबल मॅन'मध्ये ती खेड्यातल्या सराईची मालकीण झाली आहे. नायिका नाही, खलनायिका नाही. तरीही मी हा चित्रपट जितक्यांदा पाहतो तितक्यांदा माझी खात्री वाढत जाते, की तो अदृश्य माणूस आपल्याला दिसतो तो या बाईमुळे.

आधी तो प्रसंग. इंग्लंडमधलं आयपिंग नावाचं खेडं, बाहेर बर्फ, आत सराईत गावकरी पेले घेऊन बसलेले. दार उघडतं आणि डोक्यापासून हनुवटीपर्यंत पट्ट्या गुंडाळलेला, काळा चष्मा लावलेला एक परका माणूस आत येतो. त्याला खोली हवी, शेकोटी हवी, आणि एकांत हवा. मालकीणबाई त्याला वर नेतात, खोलीची व्यवस्था लावतात, जेवणाचं ताट पोचवतात. खाली आल्यावर लक्षात येतं की मस्टर्ड द्यायचं राहिलंच. त्या ते घेऊन पुन्हा वर जातात आणि सवयीने आत शिरतात. पाहुण्याने जेवायला तोंडावरची पट्टी सोडलेली असते. तो झटकन नॅपकिन तोंडावर धरतो.

एवढंच घडतं. आपल्याला काही दिसत नाही, त्यांनाही धड काही दिसलेलं नाही. पण त्या क्षणी ओ'कॉनरच्या चेहऱ्यावर काय काय उमटून जातं ते पाहा. आधी यजमानिणीची अदब, मग नको त्या वेळी आत आल्याची शरम, मग कुतूहल, आणि या सगळ्यांच्या तळाशी 'इथे काहीतरी भलतंच आहे' ही शंका. घाबरण्याआधीची पायरी ती इतकी नेमकी दाखवते की पुढे खरी भीती येते तेव्हा आपण तयारीत असतो. हा मस्टर्डचा तपशील मुळात वेल्स यांच्या कादंबरीतला. कादंबरीतली मिसेस हॉलही अशीच चौकस आहे. पण पानावरची चौकस बाई वाचणं वेगळं, आणि त्या कुतूहलाने ताणलेली मान पडद्यावर पाहणं वेगळं.

पुढे पाहुणा भाडं थकवतो. मालकीणबाई नवऱ्याला वर पाठवतात. नवरा जिन्यावरून गडगडत खाली येतो आणि युना ओ'कॉनरची पहिली मोठी किंकाळी फुटते. ती थांबतच नाही. एक संपते न संपते तोच पुढची, श्वास घेऊन पुन्हा वर चढलेली. मग पोलीस शिपाई आणि गावकरी जमावाने वर जातात. पाहुणा खदाखदा हसत आधी खोटं नाक काढून फेकतो, मग चष्मा, मग पट्ट्या उलगडू लागतो. पट्ट्यांखाली डोकंच नाही.

आता प्रयोगशाळेकडे वळू, कारण या किंकाळीचं मोल तिथे कळतं. चमत्कृतींचं काम जॉन पी. फुल्टन यांच्याकडे होतं. टोपी हलणं, वस्तू तरंगणं ही कामं तारांवर भागली. खरी कसोटी होती ती अर्धवट कपडे घातलेल्या, पण आत शरीर नसलेल्या माणसाची. त्यासाठी एका बदली कलाकाराला नखशिखान्त काळ्या मखमलीत गुंडाळलं, त्यावर नुसता सदरा किंवा कोट घातला, आणि काळ्या मखमलीच्याच पडद्यापुढे चालायला लावलं. काळ्यापुढे काळं फिल्मवर उमटत नाही. उरतो तो नुसता हलणारा सदरा. डोकं पूर्ण झाकलेलं असल्यामुळे त्या कलाकाराला नळीतून हवा पुरवावी लागे.

पण हा सदरा सराईच्या खोलीत आणायचा कसा? इथे आपल्याकडच्या रांगोळीच्या छाप्याचं तत्त्व कामी येतं. छाप्याला जिथे भोकं असतील तिथेच रांगोळी पडते, बाकीची जागा कोरी राहते. फुल्टन यांनी सदऱ्याच्या चित्रणावरून त्याच्या आकाराचे असे काळे छापे फिल्मवरच तयार केले, प्रत्येक चौकटीला एक. आधी रिकाम्या खोलीचं चित्र छापताना सदऱ्याच्या आकाराएवढी जागा कोरी ठेवली, मग उलटा छापा लावून त्या जागेत सदरा छापला. दोन वेगवेगळ्या वेळी टिपलेली दृश्यं एकाच फिल्मवर अशी बसवली की सांधा दिसू नये. तरीही बारीक दोष राहायचे. मखमलीच्या मुखवट्याला पाहण्यासाठी ठेवलेली डोळ्यांची भोकं कॅमेऱ्याला दिसायची. ती ब्रशने, हाताने, चौकटीगणिक रंगवून बुजवली. सुमारे ४,००० फूट फिल्मवर असं हातकाम झालं. एका फुटात १६ चौकटी, म्हणजे जवळजवळ ६४,००० चित्रं! संगणकाचं नावही नव्हतं तेव्हाची ही गोष्ट आहे. तिथे एक चूक मात्र राहून गेली आणि रसिक ती आजही आनंदाने दाखवतात: शेवटी बर्फात उमटणारे ठसे बुटांचे आहेत, अदृश्य माणूस तर अनवाणी असायला हवा.

आता या तंत्राचा अर्थ नटांच्या बाजूने लावून पाहा. जो सदरा पाहून गावकऱ्यांची त्रेधा उडते, तो खोलीत नाहीच. तो दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या जागी, काळ्या मखमलीपुढे टिपला जाणार आणि नंतर लॅबमध्ये या खोलीत येऊन बसणार. सेटवरच्या नटांनी बघायचं आहे ते रिकाम्या हवेकडे. आणि प्रेक्षक त्या हवेत माणूस आहे हे कशावरून मानतो? बघणाऱ्यांच्या नजरांवरून. नजर किती उंचावर खिळली यावरून त्याची उंची ठरते. अंग किती मागे झुकलं यावरून त्याचं अंतर ठरतं. आवाज किती वर गेला यावरून त्याच्या हातून काय घडू शकेल याचा अंदाज येतो. फुल्टन यांनी शरीर पुसलं, या नटांनी ते पुन्हा हवेत उभं केलं. नायकाचं काम करणाऱ्या क्लॉड रेन्सचा हा हॉलिवूडमधला पहिला चित्रपट. त्याचा चेहरा आपल्याला दिसतो तो अगदी शेवटच्या क्षणी. तोपर्यंत त्याच्याकडे असतो फक्त एक विलक्षण, भारदस्त आवाज. त्या आवाजाला उत्तर देणारा तितकाच ताकदीचा दुसरा आवाज हवा होता. रेन्सच्या खर्जाला ओ'कॉनरची ती वरच्या पट्टीतली धारदार किंकाळी मिळाली आणि चित्रपटाचा तोल साधला.

आणखी एक गोष्ट आपण आज विसरतो. तेव्हा बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती. 'द जॅझ सिंगर' १९२७ चा. सुरुवातीच्या त्या भयपटांत पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेनस्टाइन' आज पाहताना मधली शांतता अंगावर येते. 'द इन्व्हिजिबल मॅन'मध्येही बराच काळ वाद्यं गप्पच आहेत. आजच्या भयपटात घाबरायची सूचना व्हायोलिनं देतात. तेव्हा ते काम माणसाच्या गळ्याला करावं लागे. ओ'कॉनरच्या किंकाळ्या काहींना कानाला फार बोचतात, या चित्रपटांवर जीव टाकणाऱ्यांमध्येही तिच्यावरून दोन तट आहेत. मी तिच्या बाजूचा आहे. त्या किंकाळ्या मऊ केल्या तर त्या खोलीत कोणी उरत नाही, नुसती तारांवर नाचणारी टोपी उरते.

ही बाई आली कुठून? जन्म बेलफास्टचा, २३ ऑक्टोबर १८८० चा. मूळ नाव अ‍ॅग्नेस तेरेसा मॅकग्लेड. आई लहानपणीच गेली, वडील ऑस्ट्रेलियाला निघून गेले, मावशीवजा नात्यातल्या बाईंनी वाढवलं. नाटकाचे धडे तिने डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरमध्ये घेतले. डब्ल्यू. बी. येट्स आणि लेडी ग्रेगरी यांनी उभी केलेली ही नाटकशाळा म्हणजे आयरिश अस्मितेचं घरच होतं. तिथे ती जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या 'द शोइंग-अप ऑफ ब्लँको पॉस्नेट'मध्ये उभी राहिली. या नाटकाला लंडनच्या सेन्सॉरने परवानगी नाकारली होती आणि डब्लिनमध्ये त्याचा हुकूम चालत नसल्याने अ‍ॅबीने ते बेधडक केलं होतं. १९११ मध्ये याच नाटकासह ती न्यूयॉर्कला जाऊन आली. मग लंडन. तिथे मोलकरणी, हॉटेलातल्या पोरी, अशी कामं वर्षानुवर्षं. आल्फ्रेड हिचकॉकच्या १९३० सालच्या 'मर्डर!'मध्येही ती एका छोट्या कामात आहे. नाव व्हावं असं काही घडत नव्हतं.

ते घडलं १९३१ मध्ये. नोएल कॉवर्डचं 'कॅव्हलकेड' हे प्रचंड पसाऱ्याचं नाटक लंडनच्या ड्रुरी लेनवर आलं. एका श्रीमंत इंग्रज घराच्या तीस वर्षांच्या कहाणीत ती मोलकरीण एलन ब्रिजेस झाली. फॉक्स कंपनीने त्याचा चित्रपट करायला घेतला तेव्हा ती भूमिका तिच्याकडेच राहिली. ती अमेरिकेला गेली आणि तिथलीच झाली. वय बावन्न! ज्या गावात तिशीतल्या नट्यांना उतरती कळा लागल्याचं ऐकवलं जाई, तिथे ही बाई पन्नाशीनंतर पोचली आणि पुढची कितीतरी वर्षं तिला उसंत मिळाली नाही. 'कॅव्हलकेड'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, तो भाग वेगळा.

'द इन्व्हिजिबल मॅन'चे दिग्दर्शक जेम्स व्हेल हे इंग्लंडमधल्या डडली गावचे. पहिल्या महायुद्धात ते जर्मनांच्या कैदेत होते आणि कैद्यांच्या छावणीतच त्यांना नाटकाचा नाद लागला. पटकथाकार आर. सी. शेरिफ हेही त्याच युद्धातून आलेले. खंदकातल्या जगण्यावरच्या शेरिफ यांच्या 'जर्नीज एंड' नाटकाने दोघांचंही नाव झालं होतं. व्हेल यांच्या भयपटांत हसू आणि भय एकाच दावणीला बांधलेलं असतं. ते का, याचं उत्तर मला या छावण्या-खंदकांतच आहे असं वाटतं. मृत्यू शेजारी बसलेला असताना माणसं थट्टा करतात, हे दोघांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ओ'कॉनरला दोन्ही एकाच श्वासात जमायचं. तिची घाबरगुंडी पाहून आपल्याला हसू फुटतं, आणि हसताना आपण सैल पडतो तेव्हाच पुढचा धक्का नेम धरून बसतो.

म्हणूनच १९३५ साली 'ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाइन' करताना व्हेल यांनी तिला पुन्हा बोलावलं. इथे ती मिनी, फ्रँकेनस्टाइनच्या घरातली नोकराणी. सुरुवातीलाच जळून खाक झालेल्या पवनचक्कीपाशी सगळे समजतात की राक्षस मेला. लोक पांगतात. मग अवशेषांतून बोरिस कार्लोफचा राक्षस वर येतो आणि मिनी वळून पाहते तो समोर तोच. ती किंचाळत घरी धावते, तो जिवंत आहे म्हणून सांगते, आणि कोणीही तिच्यावर विश्वास ठेवत नाही. हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. सत्य पहिल्यांदा कळतं ते घरातल्या सगळ्यात खालच्या माणसाला, आणि त्या माणसाचा आवाज मोठा असला तरी शब्दाला वजन नाही. सराईची मालकीण, मोलकरीण, दाई: ओ'कॉनरच्या वाट्याला आलेल्या बहुतेक बायका अशा. दार उघडायला त्या जातात, म्हणून दारात उभं असलेलं संकट आधी त्यांना दिसतं.

ती फक्त किंचाळायची असा कोणाचा समज असेल तर त्याने त्याच वर्षीचा जॉन फोर्ड यांचा 'द इन्फॉर्मर' पाहावा. स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीतलं डब्लिन. गायपो नोलन नावाचा दांडगट पण मंद बुद्धीचा माणूस वीस पौंडांसाठी आपल्या मित्राला इंग्रजांच्या हवाली करतो आणि मित्र मारला जातो. ओ'कॉनर त्या मित्राची आई. मुलाच्या मर्तिकाला गायपो तिच्या घरी येतो आणि त्याच्या खिशातून नाणी जमिनीवर सांडतात. शेवटी गोळ्या लागलेला गायपो चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेल्या या आईपाशी पोचतो, कबुली देतो, क्षमा मागतो. ती क्षमा करते. तिथे आवाज जवळजवळ नाहीच. ज्या गळ्याने सराई दणाणून सोडली, त्याच गळ्यातून कुजबुजीएवढे शब्द येतात. बेलफास्टच्या राष्ट्रवादी कॅथलिक घरात वाढलेल्या बाईला ही आई कुठून सुचली असेल, ते वेगळं सांगायला नको. गायपो झालेला व्हिक्टर मॅक्लाग्लन आणि दिग्दर्शक फोर्ड, दोघांनाही या चित्रपटाने ऑस्कर दिलं.

पुढची यादी लांब आहे, तिच्यात फार शिरत नाही. पण १९३८ सालच्या रंगीत 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड'मधली एक गंमत सांगितलीच पाहिजे. तिथे ती राजकन्येसारख्या मॅरियनची दाई बेस झाली आहे आणि रॉबिनच्या टोळीतल्या मच नावाच्या लाजऱ्या गड्याशी तिचं जुळतं. तो नट म्हणजे हर्बर्ट मंडिन, 'कॅव्हलकेड' चित्रपटात तिचा नवरा झालेला. आणि दुष्ट राजपुत्र जॉन कोण, तर क्लॉड रेन्स. सराईतला तो अदृश्य पाहुणा आता चांगला भरजरी कपड्यांत, सगळ्या जगाला दिसेल असा!

स्टुडिओंच्या त्या काळात अशा नटांची एक मोठी फळीच होती. प्रेक्षकाला त्यांची नावं ठाऊक नसत, चेहरे मात्र घरच्यांसारखे ओळखीचे असत. ताऱ्याला चित्रपटभर स्वतःची ओळख करून द्यायला वेळ मिळतो, यांना दोन-तीन मिनिटं. तेवढ्यात स्वभाव, घरदार, मूड, सगळं उभं करायचं. ओ'कॉनरकडे त्यासाठी रंगभूमीवरची वीस वर्षं होती आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारे ते मोठे, वटारलेले डोळे होते. कॅमेरा जवळ असताना ते डोळे तिने आखडते घेतले नाहीत, म्हणून तिचं काम काहींना भडक वाटतं. पण अदृश्य माणूस आणि शिवलेल्या प्रेतांच्या जगात माफक घाबरणारी बाई खोटी वाटली असती.

तिची शेवटची भूमिका मात्र कानांची आहे. अगाथा ख्रिस्तीच्या 'विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन'मध्ये ती खून झालेल्या बाईची स्कॉटिश घरकामवाली, जॅनेट मॅकेंझी. बंद दाराआडून आपण आरोपीचा आवाज ऐकला, अशी तिची साक्ष. पुन्हा तेच: माणूस दिसत नाही, नुसता आवाज, आणि तो ऐकणारी एक नोकराणी. बिली वाइल्डर यांच्या १९५७ सालच्या चित्रपटात बचावाचा वकील आहे चार्ल्स लॉटन. 'धिस लँड इज माइन'मध्ये १९४३ साली ओ'कॉनर याच लॉटनची आई झाली होती. आता तो उलटतपासणी घेताना सरकारी श्रवणयंत्रासाठी तिने केलेल्या अर्जाबद्दल हळू आवाजात विचारतो, आणि पिंजऱ्यातल्या जॅनेटला प्रश्न नीट ऐकूच येत नाही. साक्ष तिथेच ढासळते. किंचाळून प्रसिद्ध झालेली बाई सत्त्याहत्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर कमी ऐकू येणाऱ्या बाईचा ताठा, हट्ट आणि अपमान असा काही वठवते की लॉटनसारख्या नटावरून नजर हटून तिच्यावर खिळते. खुनाचा उलगडा मी सांगणार नाही, तो ज्याचा त्याने पाहावा.

त्या चित्रपटात लॉटनच्या मागे लागलेली कजाग परिचारिका आहे एल्सा लँचेस्टर, लॉटनची पत्नी. 'ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाइन'मधली वीज चमकल्यासारख्या पांढऱ्या पट्ट्यांच्या केसांची ती वधू हीच. म्हणजे वधू आणि मोलकरीण बावीस वर्षांनी पुन्हा एका चित्रपटात आल्या. त्यानंतर ओ'कॉनरने चित्रपट केला नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये ती गेली. जॅनेटची भूमिका ती १९५४ पासून ब्रॉडवेवर करत होती. चित्रपटासाठी मार्लिन डीट्रिक आणि टायरोन पॉवरसारखी मोठी नावं घेताना ब्रॉडवेचा सगळा नटसंच बाजूला ठेवला गेला, फक्त एका नटीला बदली शोधली नाही. जॅनेट मॅकेंझी तिच्याकडेच राहिली.